मुझियम गावचा देव

शिवदास नार्वेकर कंबोडियाला निघाले आहेत, ही बातमी त्यांनी अख्ख्या पेडण्यात फक्त एका माणसाला सांगितली होती. तो माणूस म्हणजे शेजारचा जयराम. त्यामुळे पेपरात छापायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराने पाव देता देता सायकलीवरूनच विचारलं, "पात्रांव, थंय पाव मेळता काय हो?" आणि संध्याकाळपर्यंत शिवदास कंबोडियाला कायमचे राहायला चालले आहेत, असं बाजारात ठरूनही गेलं.

जयराम स्वतः एकदा बँकॉकला जाऊन आलेला. तेवढ्या पुंजीवर तो सबंध पूर्वेकडच्या आशिया खंडावर अधिकारवाणीने बोलत असे. "थंय पाणी पिऊ नका," हा त्याचा पहिला सल्ला. मग काय प्यायचं, हे त्याने सांगितलं नाही. "माकडांच्या डोळ्यांत बघू नका," हा दुसरा. आणि तिसरा सल्ला जरा खालच्या आवाजात, कुंपणावरून वाकून दिलेला: "शिवदासबाब, म्हाताऱ्या आईक नेतास तर तिच्या गळ्यात पाटी घाला. नाव, गाव, हॉटेल. हरवली बिरवली तर?"

शिवदासांना हा सल्ला मनापासून पटला. त्याचं कारण जयराम नव्हे. त्याचं कारण साखळी गावात दिलेली त्यांची मोठी बहीण पद्मावती. पद्माबायचा या सफरीला पहिल्यापासून विरोध. पण ऐंशी ओलांडलेल्या चंद्रावतीबाईंनी, "थंय शिवाचीं जुनीं देवळां आसत मगो? मगे हांवय येतंय," असं जाहीर करून टाकलं आणि विषय मिटवला. तेव्हा पद्माबाय फोनवर एवढंच म्हणाली, "आईक काय जालां, तर माका तोंड दाखवू नको." मामलेदार कचेरीत हेडक्लार्क म्हणून ज्या माणसाने उभ्या तालुक्याला बाकावर बसवून ठेवलं, तो माणूस पद्माबायसमोर अजूनही चौथीतला शिबू होत असे. तर सफरीचा हेतू वगैरे काही का असेना, शिवदासांपुरतं काम एकच होतं. आईला जशी न्यायची तशीच धडधाकट परत आणायची.

त्यांनी पाटी करून घेतली, प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि आईसमोर धरली. चंद्रावतीबाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"हांव काय बाजारांत हरवलेली म्हस?" त्या म्हणाल्या आणि पाटी देवखोलीतल्या खिळ्याला अडकवून बाहेर आल्या. ती तिथेच राहिली.

विमानतळावर नारळाचं प्रकरण झालं. देवळात जायचं तर रिकाम्या हाताने कसं, म्हणून चंद्रावतीबाईंनी घरच्या माडाचा शेंडीवाला नारळ पिशवीत घातलेला. तपासणीच्या यंत्रात तो गोल, भरीव आणि आत काहीतरी हलणारा असा दिसल्यावर तिथला तरुण अधिकारी सावध झाला. "इसके अंदर क्या है?" त्याने विचारलं.

"उदक आनी खोबरें," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "नाल्लांत आनी कितें आसता रे?"

पातळ पदार्थ नेता येत नाही, असा नियम निघाला. शिवदास कचेरीच्या इंग्रजीत वाद घालायला लागले की नारळातलं पाणी हे नारळाचाच भाग असल्यामुळे स्वतंत्र पातळ पदार्थ ठरत नाही. मागे रांग वाढत चालली. शेवटी चंद्रावतीबाईंनीच तो नारळ त्या पोराच्या हातात दिला आणि घरी नेऊन देवासमोर फोडीन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्याला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण मान त्याने हलवली. शिवदासांची पत्नी कमलाक्षी या सगळ्या वेळात दुसऱ्याच कुटुंबाबरोबर असल्यासारखी लांब उभी होती.

असो. विमानं बदलत बदलत मंडळी कंबोडियाला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जगप्रसिद्ध देवळांच्या जंगलात हिंडायला लागली. गाईड होता सोखा नावाचा एक हसतमुख तरुण. त्याला बिचाऱ्याला बोलायची संधी क्वचितच मिळे, कारण शिवदास महिनाभर इंटरनेटवर वाचून आले होते. सोखाने "हे देऊळ..." म्हणेपर्यंत शिवदास राजाच्या आजोबापर्यंत पोचलेले असत. कमलाक्षीला फोटो हवे होते. ती प्रत्येक दगडी चौकटीत उभी राही आणि शिवदास फोन आडवा-उभा करत. पिशव्या, छत्री, पाण्याच्या बाटल्या चंद्रावतीबाईंच्या हातात, कारण म्हणे त्यांना फोटोची हौस नाही. त्यांना कुणी विचारलं होतं, हा भाग वेगळा.

दुपारच्या आधी ते एका लहानशा देवळात शिरले. छप्पर गेलेलं, भिंतींवरून झाडांची मुळं उतरलेली. गाभाऱ्यात मात्र चांगली घडीव शाळुंका होती, आणि तिच्यामध्ये नुसतं चौकोनी भोक. चंद्रावतीबाईंनी वाकून त्या भोकात पाहिलं. मग सरळ होऊन त्यांनी मुलाला विचारलं, "शाळुंका आसा. पिंडी खंय?"

"जुनं देऊळ आई, पडलेलं," शिवदास म्हणाले.

"देऊळ पडलां तां दिसतां माका. देव खंय गेलो? ह्या झिलग्याक विचार."

शिवदासांना हा प्रश्न जरा अडाणी वाटला. पण आईपुढे इलाज नव्हता. त्यांनी सोखाला इंग्रजीत विचारलं, "माझी आई विचारते, देव कुठे आहे?"

सोखा गंभीर झाला. इतक्या वर्षांत इतका खोल प्रश्न त्याला एकाही प्रवाशाने विचारला नसावा. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "देव सगळीकडे आहे, सर."

"तां माका खबर आसा," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "हंयचो खंय?"

मग खाणाखुणा झाल्या, शाळुंकेतलं भोक दाखवून झालं, आणि सोखाच्या ध्यानात आलं. "ओ! म्युझियम! मूव्ड टू म्युझियम!"

"मुझियमाक व्हेलो?" चंद्रावतीबाईंचा चेहरा एकदम उजळला. आपल्याकडच्या माणसाला यात काय उलगडलं हे सांगायला नको. नार्वेकरांचा कुलदेव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी देव उचलला, होडीतून नदीपार नेला आणि नार्व्याला बसवला. गोव्यातल्या निम्म्या देवांची हीच कथा. त्यामुळे गोंयकार म्हाताऱ्या माणसाला रिकामा गाभारा दिसला की तो देव नव्हता, असं कधी म्हणत नाही. तो विचारतो, कुठल्या गावाला नेला?

"न्हंयपलतडीं आसा मां हो मुझियम?" चंद्रावतीबाईंनी पुढची खात्री करून घेतली. शिवदासांनी वैतागत विचारलं. शहरातलं ते छोटं म्युझियम खरोखरच नदीच्या पलीकडे निघालं.

"बघ! आनी कोणाच्या भियान व्हेलो?"

"चोरांच्या," सोखा म्हणाला.

"म्हणजे हंयय पाखले इल्ले?" पाखले म्हणजे पोर्तुगीज. हा शब्द चंद्रावतीबाई त्यांच्या लहानपणी जेवढ्या जोरात म्हणत असतील तेवढ्याच जोरात म्हणाल्या.

"पाखले नव्हेत गो आई, इथे फ्रेंच होते."

"तेच ते," असा निकाल देऊन त्यांनी पदर खोचला. "चल तर. मुझियमाक वचूं या."

आता खरं म्हणजे मुझियम हे गाव नव्हे, हे त्याच क्षणी समजावून सांगता आलं असतं. पण शिवदासांच्या डोक्यात पुढचं देऊळ होतं, जिथे मुळांच्या मधोमध असलेल्या त्या प्रसिद्ध दारात फोटो काढायचा होता, आणि उशीर झाला तर चिनी पर्यटकांची रांग लागेल, असं त्यांनी वाचलं होतं. "उद्या बघू," ते म्हणाले.

"देवाक भेटनासतना देवळांतल्यान भायर पडचें?"

"अगो आई, उद्या म्हटलं ना!"

चंद्रावतीबाई गप्प बसल्या. पद्माबाय असती तर या गप्प बसण्याचा अर्थ तिला कळला असता.

त्या प्रसिद्ध दारापाशी रांग होतीच. कमलाक्षीचा फोटो झाला, शिवदासांचा झाला, सोखाने दोघांचा मिळून काढला. त्यात कमलाक्षीचे डोळे मिटले, म्हणून परत काढला. "आता आईचा पण एक काढूया," म्हणत शिवदास उदार मनाने वळले, तर पिशव्या, छत्री आणि पाण्याच्या बाटल्या एका पडलेल्या खांबावर नीट मांडून ठेवलेल्या. आई नव्हती.

पहिल्यांदा शिवदासांना रागच आला. मग त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने हाक मारली. "आई!" ही हाक त्या दगडांमधून घुमून परत आली आणि रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. शिवदास देवळाभोवती धावत सुटले. प्रत्येक कोनाड्यात, प्रत्येक पडक्या भिंतीमागे बघत, आणि प्रत्येक वळणावर कुणातरी जपानी म्हातारीवर जाऊन आदळत. कमलाक्षी दुसऱ्या बाजूने धावली. दोघं मागच्या बाजूला एकमेकांवर आदळली आणि एकमेकांवरच ओरडली.

"तुझा फोटो! तुझा फोटो!" शिवदास म्हणाले.

"आणि तुमचं भाषण! राजाचे आजोबा!" कमलाक्षी म्हणाली आणि रडायलाच लागली.

सोखाने त्यांना प्रवेशद्वाराजवळच्या चौकीवर नेलं. तिथल्या पोलिसाने अतिशय सभ्यपणे, अतिशय सावकाश चौकशी सुरू केली. नाव काय? चंद्रावती. आडनाव आधी की नंतर? राष्ट्रीयत्व? उंची? शिवदासांनी आपल्या खांद्याशी हात धरला. केस? पांढरे. अंगावर काय? नऊवारी लुगडं. नऊवारी म्हणजे काय, हे समजावताना शिवदासांनी भर चौकीत स्वतःभोवती हवेतून एक काल्पनिक लुगडं नेसून दाखवलं, कासोट्यासकट. आयुष्यभर दुसऱ्यांना "अर्ज नीट भरून आणा" सांगणाऱ्या माणसावर ही वेळ आली. पोलिस मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "फोटो?"

फोटो! शिवदासांनी फोन काढला. हवे तेवढे फोटो होते. कमलाक्षी दारात, कमलाक्षी खिडकीत, शिवदास सिंहाजवळ, सिंह एकटाच. एका फोटोच्या कडेला छत्री धरलेला आईचा हात होता. एकात पाठ होती. एकात पदराचं टोक. ते पुढे पुढे सरकवत राहिले, आणि सबंध सफरीत आईचा तोंड दिसेल असा एकही फोटो आपण काढलेला नाही, हे त्यांना त्या परक्या माणसासमोर उभं असताना कळलं. त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी फोन उलटा करून मेजावर ठेवला.

आणि नेमका तेव्हाच तो वाजला. पद्माबाय. व्हिडिओ कॉल.

कमलाक्षीने "नको नको" म्हणून हात हलवला, पण गडबडीत शिवदासांचं बोट हिरव्यावरच पडलं. पडद्यावर साखळीचं स्वयंपाकघर आणि त्यात पद्माबायचं मोठं तोंड आलं.

"शिबू, आईक दाखय."

"आई ना... आई देवळात आहे," शिवदास म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"मगे देऊळ दाखय."

शिवदासांनी फोन खिडकीबाहेर धरला. बाहेर एक म्हैस चरत होती.

"ही कोण?"

"इथल्या म्हशी फार प्रसिद्ध, वन्सं!" कमलाक्षी मागून ओरडली आणि तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेऊन बंद केला. पद्माबाय काय समजायचं ते समजली असणार. शिवदास मटकन कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले. त्यांना साखळीचं घर दिसायला लागलं, अंगणात जमलेली माणसं दिसायला लागली. आईला मी विसरलो, ते कपाळाला हात लावून म्हणाले, पिशवी विसरावी तशी विसरलो.

सोखाने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. ते पाणी आपण प्यायचं नाही, हे शिवदासांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. "सर, मॅडमना काही हवं होतं का?" सोखाने विचारलं. "पाणी? टॉयलेट?"

"तिला देव हवा होता," शिवदास म्हणाले.

सोखा थबकला. "म्युझियम?"

"तिथे ती कशी जाईल? तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही!"

"एक येतो," कमलाक्षी डोळे पुसत म्हणाली. "आजच शिकल्या."

मग शिवदास उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या पहिल्या टुकटुकमध्ये चढून ओरडले, "मुझियम!" हो, मुझियमच म्हणाले. इंग्रजी उच्चार आठवायची ती वेळ नव्हती.

पूल ओलांडताना नदी किती हिरवी आहे, काठावर कोण बसलं आहे, यांतलं त्यांनी काही पाहिलं नाही. ते मनात नार्व्याच्या देवाशी बोलत होते आणि देवाला काय काय कबूल करत होते ते त्यांनी नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. कमलाक्षीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता, सोखा समोर बसला होता. आणि टुकटुक म्युझियमच्या फाटकात वळली तेव्हा शिवदासांना पायऱ्या दिसल्या.

लोक बुटासकट त्या पायऱ्या चढत-उतरत होते. आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या बाजूला, कुणाच्या पायाखाली येणार नाहीत अशा बेताने, चपलांचा एकच जोड काढून ठेवलेला होता. डाव्या चपलेच्या अंगठ्याला दोऱ्याचा टाका. तो टाका घालताना चंद्रावतीबाई पेडण्याच्या घरात सोप्यावर बसल्या होत्या आणि शिवदास त्यांना "नवीन घे" म्हणून रागावत होते.

"अगो बाई माझी!" कमलाक्षी म्हणाली.

शिवदास त्या चपलांशेजारी पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि आत जाणाऱ्या एका गोऱ्या बाईने त्यांना पाण्याची बाटली देऊ केली. तेवढ्यात एक टुकटुकवाला पुढे आला. तो आतल्या बाजूला बोट दाखवून "मामा! मामा!" असं आनंदाने म्हणत होता. याच भल्या माणसाने "मुझियम" एवढं ऐकून म्हातारीला आणलं होतं, आत पोचवलं होतं आणि तिची माणसं येतीलच या खात्रीने इथे थांबलाही होता. शिवदासांनी त्याला कडकडून मिठी मारली. कमलाक्षीला ते पाहून नवल वाटलं, कारण लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला कुणाला मिठी मारताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी आपलेही बूट काढले आणि आत गेले.

थंडगार, मोठं दालन. सगळीकडे काचा, दिवे, कुजबुज. आणि मध्यभागी, चौथऱ्यावर उभं असलेलं एक काळंभोर लिंग. त्याच्यासमोर कदेलीवर चंद्रावतीबाई पाय पोटाशी घेऊन आरामात बसलेल्या. कदेल गार्डाची होती. गार्ड उभा होता. लिंगासमोर चौथऱ्यावर कनवटीच्या पुडीतली खडीसाखर ठेवलेली, आणि गार्ड त्या खडीसाखरेकडे मोठ्या संकटात सापडल्यासारखा बघत होता.

"आई!" शिवदासांनी हाक मारली.

चंद्रावतीबाईंनी वळून पाहिलं. "इलो गो बाय!" त्या सुनेला म्हणाल्या आणि मग मुलावर कडाडल्या, "खंय आशिल्लंय रे तू? सकाळधरून वाट बघतंय! परक्या मुलखांत असो भोंवतंय? हांव किती भियेलंय!"

शिवदासांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

सोखा एव्हाना चौथऱ्यावरची पाटी वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. "सर," तो हळूच म्हणाला, "हे त्या देवळातलं नाही. हे दुसऱ्याच..." शिवदासांनी आईच्या पायांशी बसल्या बसल्या त्याच्याकडे असं बघितलं की पुढचे शब्द त्याने गिळून टाकले.

"बरें जालां इलांस," चंद्रावतीबाई उठून उभ्या राहिल्या. "गाऱ्हाणें घालूचां रवलां. घालतलो गांवकार हवो, बायलमनशान घालपाचें न्हय. पण हंय गांवकार खंयसून हाडूं?" आणि आपल्याकडे जत्रेत घालतात तसं खणखणीत आवाजात त्यांनी हात जोडून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तू हंयचो राजो. तुका तुझ्या देवळांतसून काढून हंय हाडून बसयलो. आमच्या देवाक पण असोच न्हंयपलतडीं व्हेलो रे म्हाराजा. पयलीं पयलीं सुनें दिसतां. मागीर माणसां येतत, दिवो लायतत, सवय जाता. आमचो आता नार्व्याक रमलो. तूंय हंय रमतलोस, रे म्हाराजा!"

आणि त्या थांबल्या. गाऱ्हाण्यात हे थांबणं असतं. इथे बाकीच्यांनी एका आवाजात होकार भरायचा असतो, नाहीतर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. दालनातले सगळे लोक बघत होते. एकाने फोनही वर केला होता.

"व्हय म्हाराजा," शिवदास पुटपुटले.

"मोठ्यान! देवाक ऐकूंक येवंक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

गार्ड एक पाऊल पुढे आला. चंद्रावतीबाईंचं लक्ष नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या.

"आनी हो माझो झील शिवदास. वयान मोठो जालो, पण अजून अक्कल नाय. देवळां बघता बघता परक्या मुलखांत हरवलो. तेका तू सुखरूप हाडून माझ्यासमोर उभो केलंस. असोच तेका सांबाळ. घरा पावतासर तेचो हात सोडू नको रे म्हाराजा!"

शिवदासांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गार्डाने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. शिवदासांनी त्याच्याकडे बघितलं, नम्रपणे मान हलवली, आणि सबंध दालन दणाणून जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा!"